बर्फ धरणारं छप्पर

आमच्या घराच्या रस्त्याकडच्या पाख्यावर आता लोखंडी जाळीच्या तीन आडव्या ओळी आहेत आणि त्यांच्यामधल्या कौलांवर ठिकठिकाणी छोटे आकडे. भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा अंगणात उभा राहून वर बघतो आणि विचारतो, हे कशासाठी? दोन वाक्यांत सांगून भागत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. बर्फाच्या मुलखात घर घेण्याचा कुणाचा विचार असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आम्ही जर्मनीच्या आग्नेय टोकाला, बेर्ख्तेसगाडनच्या परिसरात राहतो. मी बाड रायखनहालच्या एका पुनर्वसन रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे, नवरा सीमेपलीकडे साल्झबुर्गला नोकरी करतो. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर. इथली जुनी शेतकऱ्यांची घरं बघण्यासारखी असतात. छपराचा उतार अगदी कमी, वीस-बावीस अंशांचा, वळचण मात्र चांगली दोन हात पुढे आलेली. पूर्वी त्यावर लाकडाच्या पातळ फळ्या अंथरून वर दगड ठेवायचे. थंडीत पडलेला बर्फ तिथेच राहायचा, आणि बर्फात भरपूर हवा अडकलेली असल्याने खाली घराला ऊबही मिळायची. आमचं घर त्या घरांच्या मानाने नवं, 1970 च्या दशकातलं. काँक्रीटची कौलं आणि उतार 35 अंशांचा. हा उतार सगळ्यात त्रासाचा, हे मला इथे राहायला आल्यावर कळलं. बर्फ साचायला तो पुरेसा सपाट आहे आणि घसरायला पुरेसा उभा.

पहिल्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, आठवडाभर बर्फ पडला आणि मग फ्योन सुटला. फ्योन म्हणजे आल्प्स ओलांडून दक्षिणेकडून येणारा कोरडा, उबदार वारा. सकाळी हाडं गोठवणारी थंडी असते आणि दुपारपर्यंत स्वेटर काढावासा वाटतो. मी स्वयंपाकघरात होते. वरून मालगाडी जावी तसा आवाज झाला, खिडकीसमोर क्षणभर पांढरा अंधार आला आणि घर हादरलं. बाहेर जाऊन पाहिलं तर रस्त्याकडच्या पाख्यावरचा सगळा थर एकसंध खाली आला होता. वळचणीला आधीच्या मालकांनी बसवलेली जाळीची एक ओळ होती, ती पार आडवी झाली होती. दोन ब्रॅकेट तर कौलांसकट उखडून खाली पडले होते. कुंपण मोडलं होतं आणि फुटपाथवर छातीएवढा ढीग. त्यातला बर्फ कापसासारखा नव्हता. ओला, दाबलेला, फावडं मारलं तर फावडं परत येईल असा. पोस्टमन थोड्याच वेळापूर्वी त्या फुटपाथवरून गेला होता. ते आठवलं की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो.

बर्फ का घसरतो, हे मी त्यानंतर नीट समजून घेतलं. घराची ऊब छपरातून वर झिरपते आणि थराचा सगळ्यात खालचा भाग वितळवते. कौल आणि बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि त्यावर अख्खा थर तरंगत राहतो. त्यातच वारा उबदार झाला किंवा पाऊस पडला की वरचा बर्फ पाणी पिऊन जड होतो. ताज्या भुरभुरीत बर्फाचा 10 सेंटिमीटरचा थर दर चौरस मीटरला साधारण 10 किलो भरतो. तेवढ्याच जाडीचा ओला बर्फ 40 किलोच्या आसपास जातो आणि निव्वळ बर्फाची लादी असेल तर 90. म्हणजे छपरावर किती जाडीचा थर आहे हे बघून काहीच अंदाज येत नाही. तो कसला आहे यावर सगळं अवलंबून.

इथल्या नागरी कायद्याचं कलम 823 नुकसानभरपाईबद्दलचं आहे. आपल्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई आपण द्यायची. छपरावरून पडणारा बर्फही त्यात येतो. बर्फाळ भागात, रस्त्याच्या कडेला घर असेल तर मालकाने काय काळजी घ्यायला हवी, हे त्या त्या गावच्या रीतीवर ठरतं, आणि आमच्या रस्त्यावर झाडून सगळ्या घरांना जाळ्या आहेत. भिंतीला तिरक्या काठ्या टेकवून ठेवणं किंवा ‘छतावरून बर्फ पडेल, सावधान’ अशी पाटी लावणं हे तात्पुरते उपाय. काम होईपर्यंत आम्हीही काठ्या लावल्या, पट्टी बांधून फुटपाथचा तेवढा भाग बंद केला. पण वर्षानुवर्षं काठ्या लावून लोकांना रस्त्यापलीकडून चालायला लावायचं, हे मला पटत नव्हतं.

छपराचं काम करणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने खालूनच पाहिलं आणि जुनी जाळी काढून नवी बसवायचं मीटरवर दरपत्रक दिलं. आम्ही जवळजवळ हो म्हणणार होतो. शेजारी एक आजोबा राहतात, निवृत्त सुतार. ते कागद वाचून म्हणाले, “यात वजनाचा आकडा कुठे आहे? आधी स्टाटिकरला बोलवा.” स्टाटिकर म्हणजे इमारतीचा भार मोजणारा इंजिनिअर. मला ते जास्तीचं वाटलं, कारण जाळी म्हणजे शेवटी कुंपणच, अशी कुणाचीही समजूत होते. आजोबांनी मग बाड रायखनहालच्या आइस रिंकबद्दल सांगितलं. 2 जानेवारी 2006 रोजी बर्फाच्या भाराखाली तिचं छप्पर कोसळलं आणि 15 जण गेले, त्यांतली बहुतेक शाळकरी मुलं. तपासात लाकडी तुळयांमधला ओलाव्याला न टिकणारा गोंद आणि बांधणीतले दोष पुढे आले. मी रोज त्याच गावात कामाला जाते, तिथल्या लोकांच्या मनात ती जखम अजून ओली आहे. जानेवारी 2019 मध्ये तर या जिल्ह्यात आपत्ती जाहीर झाली होती आणि सैनिक छपरांवर चढून बर्फ काढत होते. “वर काय ठेवताय ते छपराला विचारा,” आजोबा म्हणाले.

इंजिनिअर बाई आल्या त्या सरळ माळ्यावर गेल्या. वासे मोजले, त्यांच्यातलं अंतर मोजलं, लाकडात टोचा खुपसून पाहिला, आढ्याखाली ओल आहे का ते तपासलं. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी जो हिशोब मांडला तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

इथे बर्फाच्या भाराचे विभाग ठरलेले आहेत. आमच्या विभागात आणि आमच्या उंचीवर जमिनीवरच्या बर्फाचा भार दर चौरस मीटरला साधारण 3 किलोन्यूटन धरतात, म्हणजे 300 किलोच्या आसपास. छपरावर त्यातला काही भागच टिकतो. युरोपच्या मानकानुसार उतार 30 अंशांपर्यंत असेल तर 80 टक्के धरायचा. त्यापुढे उतार वाढेल तसा तो कमी होत जातो आणि 60 अंशांना शून्य होतो, कारण इतक्या उभ्या छपरावर बर्फ ठरत नाही. आमच्या 35 अंशांना तो येतो दोन तृतीयांश, म्हणजे 200 किलो. पण मानकात पुढे एक अट आहे. छपरावर बर्फ अडवणारी जाळी असेल तर ही सूट मिळत नाही, पुन्हा 80 टक्केच धरायचे. म्हणजे 240 किलो. नुसती जाळी लावल्याने वाशांवर दर चौरस मीटरला 40 किलोंचा जास्तीचा भार येतो. दरपत्रकात हे कुठेही नव्हतं.

दुसरा हिशोब खुद्द जाळीचा. थर खाली सरकू पाहतो तेव्हा जाळीवर किती रेटा येतो? छपरावरचा भार, जाळीपासून आढ्यापर्यंतचं आडवं अंतर आणि उताराची साइन, या तिघांचा गुणाकार. आमचं आडवं अंतर 5 मीटर. गुणाकार केला की दर मीटर लांबीमागे जवळजवळ 7 किलोन्यूटन, म्हणजे 700 किलो. मी विचारलं, बर्फ कौलांना चिकटून राहतो त्याचं काय? बाई म्हणाल्या, घर्षण शून्य धरायचं असा नियमच आहे. पाण्याच्या त्या पापुद्र्यानंतर घर्षणावर विसंबता येत नाही. आमच्या वळचणीची जुनी ओळ का आडवी झाली, याचं उत्तर या एका आकड्यात होतं. एकाच ओळीवर तेवढा रेटा टाकणं शक्य नव्हतं, म्हणून तीन ओळी. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला छपराचा एक तृतीयांश.

वाशांपैकी दोन कमी पडत होते, धुराड्याच्या दोन्ही बाजूंचे. तिथे मधला वासा कापून त्याचा भार शेजारच्या दोघांवर टाकलेला होता. त्या दोघांना माळ्यातून बाजूने जाड फळ्या स्क्रूंनी जोडायला सांगितल्या. हे काम शेजारच्या आजोबांनी स्वतः येऊन पाहिलं. प्रत्येक स्क्रू पूर्ण आत गेलाय ना, हे ते बोट फिरवून तपासत होते.

त्याच सुमारास बाबांशी व्हिडिओ कॉल झाला. आमचं मूळ घर संगमेश्वरकडे. दर वैशाखात घर शाकारायचं म्हणजे बाबांचा जीव की प्राण. कौलं उतरवा, रिपा तपासा, फुटकी बदला, पुन्हा नीट बसवा. सगळा आटापिटा एकाच गोष्टीसाठी, की पाणी छपरावर क्षणभरही रेंगाळू नये. बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, पाणी पागोळीला आलं की सुटलो. तुम्ही घसरतंय ते अडवताय कशाला? उतार अजून वाढवा, जाऊ दे खाली.” प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर शोधताना माझ्या डोक्यातला गुंता सुटला. बर्फाच्या बाबतीत दोनच मार्ग आहेत, सगळा सोडायचा किंवा सगळा धरायचा. जपानमधल्या शिराकावागोची गवताने शाकारलेली छपरं जवळजवळ 60 अंशांची आहेत, तिथे बर्फ सोडून देतात, पण मग खाली तेवढी मोकळी जागा लागते. आमच्या इथल्या जुन्या कमी उताराच्या छपरांवर तो धरून ठेवतात. आमचं घर मधलं, आणि वळचणीखाली फुटपाथ. उतार बदलणं आमच्या हातात नव्हतं, फुटपाथ हलवणंही नव्हतं. म्हणजे धरायचा, आणि धरायचा तर पूर्ण ताकदीने धरायचा. बाबा यावर “मग वासे बघून घ्या,” एवढंच म्हणाले. इंजिनिअर बाईंनी आल्या आल्या जे केलं होतं तेच.

छपराचं काम उन्हाळ्याच्या शेवटी मिळालं. इथे सगळ्यांना हे काम पहिल्या बर्फाआधीच हवं असतं, त्यामुळे वसंतातच नंबर लावावा लागतो. मचाण उभारण्याचा खर्च जाळीच्या किमतीपेक्षा जास्त आला. म्हणूनच त्याच मचाणावर फुटकी कौलं आणि पन्हळीची दुरुस्तीही उरकून घेतली, आणि हे प्रत्येकाने करावं असं मी सांगेन.

या वेळचा कारागीर तरुण होता आणि त्याने मला मचाणावर येऊ दिलं, हेल्मेट घालून. जाळी बसवणं म्हणजे कौलावर काहीतरी ठोकणं, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात कौलाला भार लागूच द्यायचा नसतो. त्याने एक कौल वरच्या कौलाखाली सरकवून खालची रीप उघडी केली. नुसती रीप एवढा रेटा पेलू शकत नाही, म्हणून तिच्याखाली, वाशांना टेकून, एक जास्तीची फळी बसवली. गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा ब्रॅकेट रिपेला अडकवला आणि लांब स्क्रूंनी खालच्या लाकडात घट्ट केला. आता वरचं कौल परत खाली ओढलं तर ते ब्रॅकेटच्या जाडीमुळे किंचित उचललेलं राहणार. त्या फटीतून वाऱ्याने बर्फाची भुकटी आत जाते, आणि वर भार आला की कौल तिथेच तडकतं. म्हणून त्याने ग्राइंडर घेऊन कौलाच्या खालच्या बाजूला ब्रॅकेटच्या रुंदीची खाच कापली. कौल बसवलं, बोटाने दाबून पाहिलं, डुगडुगलं. पुन्हा काढलं, आणखी दोन मिलिमीटर कापलं. तिसऱ्यांदा ते शेजारच्या कौलांशी अगदी सपाट बसलं. प्रत्येक ब्रॅकेटला तो हेच करत होता, आणि कुठेही घाई नव्हती. बाबांना मी त्याचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी तो अनेकदा पाहिला असं आईने सांगितलं.

सगळ्यात खालची ओळ वळचणीवर न घेता बाहेरच्या भिंतीच्या बरोबर वर घेतली, म्हणजे भार थेट भिंतीत उतरतो. पुढे आलेली वळचण अधांतरी असते, तिच्यावर तो टाकायचा नाही. जाळीचे तुकडे जोडपट्ट्यांनी एकमेकांना बांधले, म्हणजे एका जागी आलेला रेटा शेजारच्या ब्रॅकेटमध्येही वाटला जातो. आणि ओळी पाख्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेल्या. फक्त दरवाजापुरती जाळी लावलेली घरं मी पाहिली आहेत. अशा जाळीच्या बाजूचा थर घसरतो, तो अडकलेल्या बर्फाला ओढतो आणि टोकाचा ब्रॅकेट आधी जातो. ओळींच्या मधले आकडे वेगळ्या कामाचे. ते थराला जागोजागी पकडून ठेवतात, सुरुवातीची हालचालच होऊ देत नाहीत. पण नुसत्या आकड्यांवर भागवता येत नाही, कारण एकदा थर सुटला की त्याला थोपवायला जाळीच लागते.

पुढचा हिवाळा जोरदार आला. जानेवारीत छपरावर साठ सेंटिमीटरचा थर जमला आणि मग तेच, फ्योन. त्या दुपारी मी आणि नवरा रस्त्यापलीकडे उभे राहून छपराकडे बघत होतो. आढ्याच्या जरा खाली बर्फात आडवी भेग पडली, हळूहळू तळहाताएवढी रुंद झाली, आतली काळपट कौलं दिसू लागली. थर खाली सरकत होता. “आता?” नवरा म्हणाला. मी काहीच बोलले नाही. भेग तेवढीच राहिली. जाळ्यांच्या मागे बर्फ दाबला जाऊन जरा फुगला आणि थांबला. संध्याकाळपर्यंत फक्त पन्हळीतून पाणी वाहत होतं. मला रडू आलं, खरंच.

धरून ठेवलेला बर्फ किती जड झालाय हे बघत राहणं ही मात्र आता आमची जबाबदारी. त्यासाठी आजोबांनी एक पद्धत शिकवली. ड्रेनेजच्या पाइपचा तुकडा घ्यायचा आणि त्याच्या आतल्या व्यासावरून क्षेत्रफळ काढून ठेवायचं. आमच्या पाइपचं 84 चौरस सेंटिमीटर येतं. माळ्याच्या खिडकीतून हात पोचेल तिथे तो बर्फात सरळ खाली, कौलाला टेकेपर्यंत दाबायचा, तळाला पत्रा सरकवून भरलेला पाइप बाहेर काढायचा आणि आतला बर्फ स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा. त्या दिवशी तो 1.2 किलो भरला. म्हणजे दर चौरस मीटरला 140 किलोंच्या थोडा वर. इंजिनिअर बाईंनी आम्हाला लेखी देऊन ठेवलंय की 200 झाले की बर्फ काढणाऱ्यांना बोलवा, 240 ची वाट पाहू नका. तेही कसं काढायचं ते लिहिलंय. एकच पाखं रिकामं करायचं नाही, दोन्ही बाजूंनी पट्ट्यापट्ट्यांनी, म्हणजे वाशांवर एकतर्फी भार येत नाही. कौलांवर वीतभर थर राहू द्यायचा, फावडं कौलाला लागता कामा नये. आणि वर जाणारा माणूस दोराने बांधलेला हवा.

मागचं पाखं, उत्तरेकडचं, आम्ही मोकळं सोडलंय. तिकडे खाली आमचंच गवत आहे, कुणाची वाट नाही. एका बाजूला बर्फ भरलेला आणि दुसऱ्या बाजूला उतरून गेलेला, अशी स्थिती वाशांना झेपते का, हे बाईंनी तपासून दिलं आणि मगच आम्ही तो निर्णय घेतला. हिवाळ्यात तिकडच्या दाराला आतून कडी असते आणि मुलीला तिकडे खेळायला बंदी. येत्या शरदात कारागीर जाळीच्या तपासणीला येणार आहे, तेव्हा सगळ्यात वरच्या ओळीतला एक ब्रॅकेट त्याला दाखवायचाय. दुर्बिणीतून तो मला शेजारच्यांपेक्षा जरा वाकडा दिसतो.